डावीकडून चढ

जहाजात मास्तरांना एकच खोट सापडली होती, ती म्हणजे त्याला ब्रेक नसतो. नऊ मजली जहाज, वरच्या मजल्यावर पोहायचा तलाव, खाली नाटकगृह, जेवायला बसलं की उठवत नाही इतके पदार्थ, सगळं मान्य. पण एवढं मोठं धूड थांबायला चांगले एक-दोन किलोमीटर घेतं, हे कुठल्याशा गणवेशवाल्याने सहज बोलता बोलता सांगितलं आणि मास्तरांचं त्या जहाजावरून मन उडालं ते उडालंच.

"म्हणजे समोर कोणी आलं तर?" त्यांनी विचारलं.

"समुद्रात समोर कोण येणार, साहेब?" गणवेशवाला हसला.

मास्तर हसले नाहीत. समोर कोणी येणार नाही असं धरून चालणाऱ्या माणसाला त्यांनी एकोणचाळीस वर्षांत एकदाही परीक्षेला बसू दिलं नव्हतं.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. शहरातल्या सात हजार माणसांना त्यांनी गाडी शिकवली. डॉक्टर म्हणू नका, वकील म्हणू नका, नुकती लग्नं ठरलेल्या मुली म्हणू नका, दोन तर पोलीससुद्धा. शिकवताना ते डाव्या बाजूला बसायचे, पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक, आणि तोंडाचा पट्टा चालू. काकू म्हणजे त्यांची बायको. स्कूलच्या पुढच्या खोलीत खिडकीजवळच्या टेबलाशी बसून फॉर्म भरणं, फोटो चिकटवणं आणि भिंतीवरच्या तक्त्यावर पट्टी ठेवून एकेक खूण घोकून घेणं, हे खातं त्यांचं. पुढे अरुंद पूल, पुढे शाळा, पुढे घसरडा रस्ता. काकूंच्या टेबलावरून पास झाल्याशिवाय मास्तरांच्या गाडीत कोणी बसायचं नाही, असा दंडकच होता.

आणि ही सात हजारांना नियम पाठ करून देणारी बाई स्वतः? लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मास्तरांनी तिला दोन दिवस शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी भर चौकात ते असे काही ओरडले, की काकूंनी गाडी होती तिथेच बंद केली, किल्ली त्यांच्या मांडीवर ठेवली आणि पदर खोचून चालत घरी आल्या. मागोमाग मास्तर आले आणि म्हणाले, "तुझ्या हातात स्टिअरिंग म्हणजे माकडाच्या हातात कोलीत!" विषय तिथे संपला. निदान मास्तरांना तसं वाटत होतं.

आता खरी गोष्ट ऐका. मास्तरांची नजर जात होती. समोरचं अजून लख्ख दिसायचं, पेपरातली बारीक अक्षरंसुद्धा. जात होती ती कड. डोळ्यांतला दाब वाढला की नजर बाजूने कुरतडत कुरतडत आत येते, असा तो आजार, आणि त्यांची उजवी बाजू तर जवळजवळ संपलीच होती. हे त्यांनी काकूंना सांगितलं नव्हतं. सकाळ-संध्याकाळ न्हाणीघराची कडी लावून डोळ्यांत थेंब घालायचे आणि बाहेर येऊन म्हणायचे, गुळण्या करत होतो. पण उजव्या हाताकडचा पेला रोज सांडतो, दाराच्या चौकटीला खांदा आपटतो, गाडीच्या उजव्या अंगावर ओरखडे वाढत जातात, हे कुठे लपतं? शेवटी डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावणारी मुलगी बाजारात भेटली. तिचाही फॉर्म कधीकाळी काकूंनीच भरलेला. "काकू, काकांना गाडी चालवायची नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलंय. ऐकतायत ना?"

"ऐकतात की," काकू म्हणाल्या आणि भाजी न घेताच घरी आल्या.

मास्तर ऐकत नव्हते. स्कूल त्यांनी गेल्या वर्षी "पुरे आता" म्हणून बंद केलं, पण घरची गाडी होतीच. वर त्यांनी लेकीला शब्द देऊन ठेवला होता, की पुढच्या महिन्यापासून दोन्ही नातींना शाळेत सोडायचं आणि आणायचं काम आजोबांचं. लेक बिचारी खूश. तिने आणि जावयाने मिळून लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला आईबाबांना ही जहाजाची सहल दिली, ती त्याच खुशीत.

लेकीच्या कानावर घातलं असतं तर तिने एका फोनमध्ये किल्ली काढून घेतली असती. काकूंना तेच नको होतं. ज्या माणसाने सात हजार लोकांच्या हातात किल्ली दिली, त्याच्या हातातून पोटच्या पोरीने किल्ली हिसकावायची? छे! किल्ली त्यांनी आपण होऊन खाली ठेवली पाहिजे. पण सांगणार कोण? काकूच. कधी? हे मात्र त्यांना तीन महिने जमलं नव्हतं. एरवी काकू म्हणजे सरकारी कचेरीत साहेबाला उभं करून सही घेणारी बाई, पण हे एक वाक्य त्यांच्या घशात अडकून बसलं होतं. जहाजावर चौथ्या दिवशी सकाळी बेटाची हिरवी किनार दिसली तेव्हा त्यांनी ठरवलं, आज सांगायचं. इथे आपल्याला कोणी ओळखत नाही. रडले, ओरडले, रुसले तरी बघायला तिसरा माणूस नाही.

जहाजातून उतरताना दारातल्या मुलीने बजावलं, चारच्या आत परत या, जहाज कोणासाठी थांबत नाही. "थांबणार कसं?" मास्तर पुटपुटले, "ब्रेक कुठाय?"

धक्क्यावर ऊन असं तापलं होतं, की चपलेतून पायाला चटका बसावा. सहलीच्या बसगाड्या ओळीने उभ्या होत्या, पण मास्तरांना दुसऱ्याच्या गाडीत बसणं म्हणजे शिक्षा. फाटकाबाहेर पत्र्याच्या छपराखाली एक जीपवाली बसली होती, डोक्यावर ही एवढी गवती टोपी, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा. तिच्याकडे चार जुनाट जीपा होत्या. बेटाच्या दुसऱ्या टोकाला दीपगृह आहे, जाऊन यायला तीन तास पुरे, रस्ता एकच, चुकायची सोय नाही, असं तिने सांगितलं. मास्तरांनी लगेच निळी जीप निवडली.

निवडली म्हणजे काय, तपासली. समोर उभं राहून बॉनेट उघडलं, पाणी बघितलं, ऑइल बघितलं, पट्टा दाबून बघितला, चारही टायरांना लाथा घातल्या. सगळं बघितलं. फक्त स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे तेवढं बघितलं नाही. म्हणजे बघितलं, पण समोर उभं राहून, आणि समोरून ते उजव्या हातालाच दिसत होतं. चाळीस वर्षं उजव्या बाजूचं स्टिअरिंग बघणाऱ्या माणसाला उजव्या हाताला स्टिअरिंग दिसलं, त्यात खटकायचं काय?

काकूंना मात्र पक्कं ठाऊक होतं. परदेशात चालवायच्या परवान्यासोबत मिळालेली पुस्तिका त्यांनी पानन् पान वाचली होती. या बेटावर स्टिअरिंग डावीकडे आणि रहदारी उजवीकडून. त्या सांगणारच होत्या. तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात मास्तरांनी बॉनेट आपटून बंद केलं आणि हात झटकत, लग्नापासून हजारो वेळा म्हटलं असेल तसंच म्हणाले, "चल गं, डावीकडून चढ."

काकूंनी उघडलेलं तोंड मिटलं. नवऱ्याची आज्ञा. त्या डावीकडून चढल्या.

मास्तर जीपला वळसा घालून उजवीकडून चढले, ऐटीत बसले, दोन्ही हात पुढे केले आणि त्यांच्या हाती लागली ती नुसती हवा. त्यांनी एकदा हातांकडे बघितलं, एकदा समोरच्या फळीकडे. मग मान पूर्ण वळवून बायकोकडे.

"अगं, स्टिअरिंग?"

"इथे आहे. माझ्यापुढे."

"उलटी गाडी आहे की ही! मग ऊठ, इकडे ये."

"तुम्हीच म्हणालात डावीकडून चढ."

"म्हणालो असेन. ऊठ आता."

एवढ्यात जीपवाली हातात कागद घेऊन आली ती सरळ स्टिअरिंगच्या बाजूला, म्हणजे काकूंपाशी. "परवाना दाखवा." मास्तर काही बोलायच्या आत काकूंनी पर्सची चेन उघडली, आतला छोटा कप्पा उघडला आणि एकावर एक दोन कागद तिच्या हातावर ठेवले, घरचा परवाना आणि परदेशात चालवायचा. जीपवालीने फोटो बघितला, काकूंना बघितलं, नंबर उतरवून घेतला आणि किल्ली दिली.

मास्तर आ वासून बघत होते.

"हा परवाना कुणाचा?"

"फोटो बघा की. वाईट आलाय, पण माझाच आहे."

"कधी काढलास?"

"तीन महिने झाले."

"शिकवलं कुणी?"

"तुमच्याच विद्यार्थिनीने. ती नाही का, बायकांसाठी क्लास काढलाय तिने."

"ती?" मास्तर जवळजवळ उभेच राहिले. "तिला रिव्हर्स येत नव्हता!"

"आता येतो. मलाही येतो."

"आणि तू तर दुपारी शिवणाच्या क्लासला जात होतीस ना? ते उशांचे अभ्रे?"

"विकत आणले."

मास्तरांना काय जास्त लागलं, परवाना की अभ्रे, सांगणं कठीण. त्या अभ्र्यांची शिवण किती सरळ आली आहे म्हणून त्यांनी शेजाऱ्यांपाशी कौतुक केलं होतं. मागे दुसरी गाडी उभी राहून हॉर्न वाजवायला लागली. जीपवाली हाताने "चला, चला" करत होती. "बरं," मास्तर दातओठ खात म्हणाले, "त्या वळणापर्यंत ने. तिथे बाजूला घे, मग मी बघतो."

काकूंनी किल्ली फिरवली. सवयीने गिअरसाठी डावा हात टाकला तो बाहेर हवेतच गेला. मग उजवा हात टाकला, गिअर पडला, क्लच जरा लवकर सुटला आणि जीप म्हशीसारखी अंग झटकून जागच्या जागी बंद पडली. "हं," मास्तर म्हणाले. एका 'हं'मध्ये चाळीस वर्षांचं माकड आणि कोलीत दोन्ही होतं. काकूंनी ओठ घट्ट मिटले, पुन्हा किल्ली फिरवली, आणि या खेपेला जीप निघाली.

काय सांगायचं, निघाली ती छान निघाली! गावातला रस्ता अरुंद, दोन्हीकडे दुकानं. एका दारात शिंपी मशीनवर वाकलेला, पुढे लाँड्री, तिथे ओल्या चादरी रस्त्यापर्यंत आलेल्या, त्याच्यापुढे लोखंडी सामानाचं दुकान आणि त्याचे पाइप फुटपाथवर आडवे. काकू दुसऱ्या गिअरमध्ये, दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाठ ताठ. मास्तरांचा पाय मात्र ठिकाणावर नव्हता. पाइप आले, पाय आपटला. चादर आली, पाय आपटला. तिथे ब्रेक नव्हता, नुसता पत्रा होता, आणि दर वेळी धाप्पदिशी आवाज यायचा.

"पत्रा फुटेल हो. जीप त्या बाईची आहे."

"तू रस्त्याकडे बघ! क्लचवर पाय ठेवून चालवू नकोस. आरसा बघ. आता तिसरा टाक. नको, नको, दुसराच राहू दे!"

वळण आलं. "थांब इथे," मास्तर म्हणाले. "ऊन आहे इथे, पुढे सावली बघून थांबते," काकू म्हणाल्या. सावली आली. "इथे उतार आहे." उतार संपला. "इथे गाडी लावायला मनाई आहे, पाटी बघितली नाहीत?" पाटी उजवीकडे होती. मास्तरांनी ती बघितली नव्हती, ते गप्प बसले. आणि त्यांच्या गप्प बसण्याने काकूंच्या काळजात चर्र झालं, कारण पाटी चांगली दरवाजाएवढी होती.

गाव संपून चढ लागला. डावीकडे डोंगर, उजवीकडे नारळाच्या झाडांतून समुद्र निळाशार चमकत होता. मास्तर हळूहळू शिकवण्याच्या सुरात आले होते. खरं तर त्यांना मजा यायला लागली होती, पण कबूल कोण करणार? "वळणाच्या आधी गिअर. हां. आता सोड. आता उचल. बरं आहे. अगदीच वाईट शिकवलं नाही तिने." काकूंना वाटलं, आता सांगावं. "अहो," त्या म्हणाल्या. "काय?" "काही नाही."

मग तो तिठा आला. इथे समुद्राच्या बाजूलाही टेकडी आली होती आणि उजवीकडून तिच्यावरचा एक रस्ता भरधाव उतरून यांच्या रस्त्याला मिळत होता. जीपच्या उजव्या अंगाला कॅनव्हासचा पडदा बांधलेला, त्याच्यापुढे मास्तर बसलेले. काकूंना आपल्या जागेवरून त्या रस्त्याचा फक्त तुकडा दिसत होता. त्यांनी वेग कमी केला.

"थांबतेस कशाला? मी बघतो." मास्तरांनी मान वळवली. नीट वळवली, आळस केला नाही. एकोणचाळीस वर्षं वळवली तशी वळवून बघितलं आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, "मोकळा आहे. घे!"

त्या शब्दावर सात हजार माणसांनी गाड्या घेतल्या होत्या. काकूंचा पायसुद्धा एक्सलरेटरकडे गेला. गेला आणि तसाच उचलून त्यांनी ब्रेकवर दाबला. जीप उभी राहिली. मागचा ट्रकवाला हॉर्नवर बसला.

"अगं घे म्हणतो ना! मोकळा आहे!"

"मला बघू द्या," म्हणत काकू त्यांच्या पुढ्यातून वाकल्या, आणि तेवढ्यात घंटीचा आवाज आला. उतारावरून एकाच सायकलवर दोन मुली सुसाट आल्या. पुढची हँडलवर वाकलेली, मागची कॅरिअरवर, दोघींचे पाय हवेत, दोघी हसतायत. जीपच्या नाकापासून हातभर अंतरावरून त्या गेल्या, मागचीने काकूंना हात केला आणि दोघी वळणाआड दिसेनाशा झाल्या.

मास्तर समोर बघत होते. मुली समोर आल्या तेव्हाच त्यांना दिसल्या होत्या, त्याच्या आधी नाही. घंटी ऐकू आली, पण घंटीच्या जागी त्यांना रिकामा रस्ता दिसत होता. काळोख नाही, धुकं नाही. चांगला उन्हातला, स्वच्छ, रिकामा रस्ता.

ट्रकवाला शिव्या घालत बाजूने पुढे गेला. काकूंनी जीप टेकडीच्या पुढे नेऊन कडेला घेतली आणि बंद केली. मास्तर उतरले, चार पावलं चालून कठड्याच्या दगडावर बसले. काकूही जाऊन शेजारी बसल्या. खाली समुद्र होता, लांब धक्क्याला त्यांचं जहाज उभं होतं.

"मी बघितलं होतं," मास्तर म्हणाले. "शपथ. मी मान वळवून बघितलं."

"माहीत आहे."

"रस्ता रिकामा होता."

"तुम्हाला रिकामा दिसला."

मास्तरांनी पायाने एक खडा खाली ढकलला. मग म्हणाले, "तू थांबलीस का पण? मी घे म्हणालो होतो."

घशातलं वाक्य इतके महिने अडकलेलं, ते आता आपोआप सुटलं, आणि सुटलं तेव्हा काही मोठं नव्हतं. "कारण तुम्हाला उजवीकडचं दिसत नाही," काकू म्हणाल्या. "दवाखान्यातल्या मुलीने सांगितलं. तुम्ही गुळण्या करत नाही, थेंब घालता, तेही ठाऊक आहे."

काकू वाट बघत होत्या की आता ओरडतील. मास्तर ओरडले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्यासारखे ताठ बसले आणि म्हणाले, "माझ्या उजव्या खांद्यापाशी हात धर. मी समोर बघतो. हात हळूहळू पुढे आण. दिसला की सांगतो. लबाडी करायची नाही, तूही नाही, मीही नाही."

काकूंनी हात धरला. खांद्यापासून पुढे आणला, कानासमोरून गेला, गालासमोरून गेला. मास्तर जहाजाकडे बघत होते. हात जवळजवळ नाकासमोर आला, बांगड्या वाजू नयेत म्हणून काकूंनी दुसऱ्या हाताने त्या दाबून धरल्या होत्या, आणि मास्तर अजून वाट बघत होते.

"आण ना," ते म्हणाले.

काकूंना रडू फुटलं. "आणला हो," त्या म्हणाल्या.

"आत्ता दिसला." मास्तरांचा आवाज एकदम बारीक झाला. "एवढ्या पुढे?" त्यांनी तिचा हात तिथेच, हवेत पकडला आणि सोडला नाही. "मी नापास केलं असतं अशा माणसाला. गाडीलासुद्धा हात लावू दिला नसता. आणि मी पोरींना शाळेत न्यायला निघालो होतो. आपल्या पोरींना."

"निघाला होतात. नेल्या नाहीत अजून."

"डॉक्टर सांगत होता, आणि मला वाटायचं, कालचं पोर, मला काय शिकवतो. वाटायचं, मला दिसतंय की सगळं." ते थांबले. "तेच तर आहे. जे दिसत नाही ते दिसत नाही हेसुद्धा कळत नाही. कुणी हात धरून सांगितलं तरच."

काकूंनी डोळे पुसले, पदराने नाक पुसलं आणि उठून उभ्या राहिल्या. "चला. दीपगृह राहिलंय."

"आता कशाला दीपगृह? परत जाऊ."

"वा! जहाजातून उतरून इथवर आले ते दगडावर बसायला? बसा गाडीत."

आणि काकूंनी दीपगृहापर्यंत गाडी नेली. मास्तर गप्प होते, आणि ते गप्प असले की काकूंना गाडी चालवणं उलट अवघड जातं, हे त्यांच्या आज ध्यानात आलं. एका वळणावर गिअर करकरला तरी शेजारून 'हं' आलं नाही. शेवटी काकूंनाच राहवेना. "काहीतरी बोला हो. एवढ्या सात हजारांवर ओरडलात, मी काय घोडं मारलंय?"

मास्तर जरासे हसले. "तूच बोल. उजवीकडे काय आहे ते सांगत चल. मला नुसता समुद्र आहे असं वाटतंय, पण माझ्या वाटण्यावर आता काय जायचं."

मग काकू सांगत सुटल्या. "समुद्र आहेच. दोन होड्या, एक लाल, एक पांढरी. आता भिंत आली, भिंतीवर चटया वाळत घातल्यात. एक बाई दारात केस बांधतेय, कंगवा तोंडात धरलाय. आता शाळा. पोरं बाहेर नाहीत. आता काही नाही, नुसतं गवत. आता कुत्रा, पण झोपलाय." मास्तर मान हलवत ऐकत होते, मधेच म्हणत होते, "कुत्र्यावर लक्ष ठेव. झोपलेलं कुत्रं सगळ्यात बेभरवशाचं."

दीपगृहावर वर चढायला मनाई होती, पायरी तुटलेली. दोघांनी खालूनच बघितलं, झाडाखाली बाकावर बसून थंड पाणी प्यायलं आणि दोघं परत फिरली. येताना तो तिठा डाव्या हाताला लागला. काकू आपण होऊन थांबल्या, पुरत्या थांबल्या, बघितलं आणि मगच निघाल्या. गावातले पाइप ओलांडले, चादरी ओलांडल्या. पत्र्यावर पाय एकदाच आपटला. "सवय," मास्तर म्हणाले. "असू दे," काकू म्हणाल्या.

जीपवालीने जीपला वळसा घालून ओरखडे शोधले, एकही सापडला नाही. "बाई चांगलं चालवतात," ती मास्तरांना म्हणाली.

"चांगलं म्हणजे काय," मास्तर छाती पुढे काढून म्हणाले, "थांबायचं कधी ते कळतं तिला. बाकी सगळं शिकवता येतं."

साडेतीन झाले होते. धक्क्यावर माणसांची रांग लागली होती, हातात पिशव्या, खांदे उन्हाने लाल. रांगेत उभं असताना मास्तरांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला आणि एक जुनं रबरी पाकीट काढलं. त्यात त्यांचा परवाना होता. त्यावरचा फोटो मिशा काळ्या असतानाचा. त्यांनी तो एकदा उलटा केला, एकदा सुलटा केला आणि बायकोपुढे धरला.

"ठेव तुझ्याकडे. आणि गाडीची किल्लीही घरी गेल्यावर तुझ्याचकडे."

काकू बघतच राहिल्या.

"घे गं लवकर. मन बदलायच्या आत घे. आणि ऐक. मी परत मागणार आहे. मला माझा स्वभाव माहीत आहे. पंधरा दिवसांनी म्हणेन, जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो. म्हणेन, आज बरं दिसतंय. चिडेन. अबोला धरीन. पोरीसमोर तुझ्यावर आवाज चढवीन, लाज वाटेल असं काहीतरी बोलेन. तरी द्यायचा नाहीस." "कितीही मागितला तरी."

रांग पुढे सरकली. काकूंनी परवाना घेतला, पर्समध्ये आपल्या परवान्याच्या पाठीला पाठ लावून ठेवला आणि चेन ओढली.

"मागून तर बघा!" त्या म्हणाल्या.